उकळीच्या काठावरचा स्वयंपाक

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये संसार थाटलेल्या मराठी घरांत स्लो कुकर बहुतेकदा दोन-तीनदा वापरला जातो आणि मग कपाटाच्या वरच्या खणात जाऊन बसतो. कुणी ‘यात सगळं आपोआप होतं’ या भरवशावर मटण, कच्चा कांदा आणि मसाला एकदम टाकून झाकण लावलेलं असतं आणि हाती बेचव, पाणचट रस्सा आलेला असतो. कुणाला आठ-आठ तास मंद आचेवर राहिलेलं अन्न मुलांना बाधेल अशी धास्ती असते. या यंत्राचं एक वैशिष्ट्य नीट समजून घेतलं, तर दोन्ही अडचणी सुटतात: त्यातलं अन्न पाण्याच्या उकळीच्या वर कधीच तापत नाही.

रचना साधी आहे. बाहेर धातूचं आवरण, त्यात विजेवर तापणाऱ्या तारा, आत जाड चिनीमातीचं भांडं, वर काचेचं झाकण. भांडं हळूहळू तापतं आणि तापलं की उष्णता धरून ठेवतं. वाफ झाकणाला लागून परत खाली ठिबकते.

ही परक्यांची आळशी सोय आहे, असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात. पण चुलीच्या वैलावर दूध किंवा आमटी तासन् तास ठेवणाऱ्या घरांना हे तत्त्व नवं नाही. यंत्राचं मूळही आजीच्या स्वयंपाकातच आहे. शिकागोचे संशोधक आयर्व्हिंग नॅक्सन यांची आई मूळची लिथुआनियातल्या विल्नियसची. ज्यू घरांत शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, चूल पेटवत नाहीत. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मांस आणि कडधान्यांच्या ‘चोलेंट’चं भांडं गावातल्या बेकरीत नेऊन देत आणि विझत्या भट्टीच्या धगीवर ते रात्रभर शिजत असे. आईकडून ऐकलेल्या या आठवणीवरून नॅक्सन यांनी विजेचं भांडं तयार केलं. त्याचं पेटंट 1940 मध्ये मिळालं. पुढे 1970 मध्ये रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि 1971 मध्ये तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आणलं.

मंद आचेवर जंतू मरत नाहीत, ही भीती सगळ्यात जास्त ऐकू येते. जंतू झपाट्याने वाढतात ते साधारण 4 ते 60 अंश सेल्सियसच्या दरम्यान. स्लो कुकर हा टप्पा ओलांडून बराच वर जातो आणि तिथे कित्येक तास टिकून राहतो, त्यामुळे मांस, डाळी, भाज्या त्यात सुरक्षितपणे शिजतात. धोका असतो तो हा टप्पा ओलांडायला उशीर झाला तर. म्हणून फ्रीझरमधला मांसाचा गोठलेला गोळा थेट टाकू नये, आधी फ्रिजमध्ये खाली ठेवून पूर्ण सुटा होऊ द्यावा. भांडं निम्म्याहून कमी किंवा दोन तृतीयांशाहून जास्त भरू नये. उरलेलं गार अन्न त्यात गरम करायला ठेवू नये, आणि ‘वॉर्म’ हे बटण शिजलेलं गरम ठेवण्यापुरतंच वापरावं.

मात्र एका पदार्थाच्या बाबतीत भीती अगदी खरी आहे आणि नेमकी तीच फारशी कुणाला नसते: राजमा. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा माणसाला आजारी पाडू शकतात. एक ते तीन तासांत जोरदार मळमळ, उलट्या आणि मग जुलाब सुरू होतात. नीट उकळलं की हे विष नष्ट होतं. पण 80 अंशांच्या आसपास अर्धवट तापवलं, तर त्याचा जोर उलट वाढू शकतो. काही स्लो कुकरमधलं अन्न इतपतच तापतं, त्यामुळे आठ तास ठेवूनही राजमा सुरक्षित होईल याची खात्री नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा: राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी ओतून द्यावं, नव्या पाण्यात 30 मिनिटं खळखळून उकळावा. त्यानंतर हवा तर स्लो कुकरमध्ये मुरवावा. प्रेशर कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, म्हणून आपल्याकडे ही अडचण सहसा येत नाही. डब्यातला राजमा आधीच शिजवलेला असतो. घरात लहान मुलं असतील तर एवढी एक गोष्ट कागदावर लिहून ओट्यापाशी चिकटवावी, असं मी मनापासून सांगेन.

आता चवीकडे. मांस किंवा कांदा तांबूस होऊन खमंग वास सुटायला साधारण 140 अंशांची कोरडी उष्णता लागते. स्लो कुकरमध्ये ती मिळत नाही. कांदा-खोबरं आधी कढईत भाजून वाटावं, मटण तेलावर परतून घ्यावं, मग सगळं भांड्यात घालावं. डाळीवर फोडणी शेवटी, गरम मसाला आणि कोथिंबीरही शेवटी. दही किंवा नारळाचं दूध तासन् तास शिजलं तर फुटतं, तेही उतरवण्याआधीच घालावं. वाफ बाहेर जात नसल्याने पाणी नेहमीपेक्षा कमी लागतं. इतकं केलं तर मटणाचा रस्सा अप्रतिम होतो.

कोणतंही मांस मऊ होतं, हाही गैरसमजच. खांदा, नळी, पाया अशा चिवट भागांत कोलॅजन भरपूर असतं. ते मंद उष्णतेवर हळूहळू विरघळतं आणि रस्सा दाट होतो. कोंबडीच्या छातीच्या भागात ते फारसं नसतं, म्हणून तो तुकडा आठ तासांनी भुशासारखा कोरडा लागतो; तिथे तंगडीचे तुकडे घ्यावेत. बटाटा आणि गाजर मांसापेक्षाही सावकाश शिजतात, त्यांना तळाशी ठेवावं.

‘हाय’ म्हणजे जास्त गरम, असं वाटतं. बहुतेक यंत्रांत दोन्ही बटणांवर अन्न शेवटी जवळपास सारखंच तापतं; ‘हाय’वर तिथवर लवकर पोहोचतं, एवढाच फरक. चार तासांचं काम ‘लो’वर सात-आठ तासांत होतं. मध्येच झाकण उघडून पाहिलं की उष्णता निघून जाते आणि अर्धा तास वाढतो.

विजेचं बिल फुगत नाही. 200 वॉटचं यंत्र आठ तास चाललं तर 1.6 युनिट लागतात. अर्थात साध्या वरणासाठी प्रेशर कुकरच बरा.

आगीची भीती अमेरिकेत जानेवारी 2018 मध्ये अचानक पसरली. ‘दिस इज अस’ या मालिकेत स्लो कुकरच्या बिघडलेल्या बटणामुळे घर पेटतं आणि लोकांनी आपापली भांडी टाकून द्यायला सुरुवात केली. ती कथा काल्पनिक होती. वायर शाबूत आहे, यंत्र भिंतीपासून आणि पडद्यापासून दूर सपाट जागी आहे, एवढं बघावं.

महाराष्ट्रात वापरायचं तर खरा प्रश्न वीज जाण्याचा. घरात असताना गेली तर सगळं पातेल्यात काढून गॅसवर शिजवावं. चिनीमातीचं भांडं गॅसवर ठेवू नये, ते तडकतं. बाहेर असताना गेली आणि किती वेळ नव्हती हे कळायला मार्ग नसेल, तर परत आलेल्या विजेवर विसंबू नये. वरून ठीक दिसलं तरी ते अन्न टाकून द्यावं.