विडी, उदासी आणि ‘रक्तातच आहे’

‘आज्याला विडी होती, बापाला होती, मग पोराला असणारच. रक्तातच आहे ते!’ असं पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडेच नव्हे, सगळीकडे म्हणतात. मन खचलेल्या माणसाबद्दलही हेच बोललं जातं. यातलं थोडं खरं आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत धूम्रपानाच्या व्यसनामागे आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा, तर नैराश्यामागे सुमारे ३७ टक्के निघतो. हे आकडे समाजातल्या माणसामाणसांमधल्या फरकाचे आहेत. एखाद्याच्या कपाळी काय लिहिलंय, ते त्यातून कळत नाही.

विडी आणि उदासी या दोन्ही गोष्टी अनेकदा एकाच माणसात का सापडतात? १९९३ मध्ये अमेरिकेत संशोधक केनेथ केंडलर यांनी १,५६६ जुळ्या स्त्रियांच्या मुलाखतींवरून म्हटलं, की दोन्हींकडे कल वाढवणारी आनुवंशिकता बहुधा सामायिक असावी. पण ‘विडीचं जनुक’ म्हणून कुठलं एक जनुक नाही. २०१९ मध्ये १२ लाख लोकांच्या अभ्यासात तंबाखू आणि दारूच्या सवयींशी जोडलेल्या ४०० हून अधिक जागा जनुकसंचात सापडल्या. एकेकीचा परिणाम अगदी किरकोळ. ती सगळी माणसं युरोपीय वंशाची होती. म्हणून इथल्या वारली, कोकणा, ठाकूर किंवा कातकरी आदिवासींवर ‘ही जातच व्यसनी’ असा शिक्का मारायला या विज्ञानात काडीचाही आधार नाही. शिक्का मारणाऱ्यांना भात कापून झाल्यावर उचल घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जाणारी कुटुंबं दिसत नाहीत का? तिथले कष्ट, कर्ज, तुटलेली झोप यांचा मनावर भार पडतो, आणि विडी हाताशी असते.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे विडीने मन हलकं होतं. रक्तातलं निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येतं. मग चिडचिड, बेचैनी, उदासी सुरू होते. पुढची विडी शमवते ती हीच तलफ, मूळचं दुःख नव्हे. जनुकांच्या आधारे कार्यकारण तपासणाऱ्या २०२० च्या एका अभ्यासात धूम्रपानाने नैराश्याचा धोका वाढतो, असे पुरावे मिळाले. उलट दिशेचेही मिळाले, पण कमी भक्कम. सोडणाऱ्यांचं काय होतं? २०१४ मध्ये २६ अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा सोडलेल्यांचं नैराश्य आणि चिंता न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झालेली दिसली.

‘आम्ही ओढत नाही, नुसती मशेरी लावतो’ असं म्हणणाऱ्या बायांनीही हे ऐकावं. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर बिनधुराचा तंबाखू घेणारे २४.४ टक्के. मशेरीतही निकोटिनच असतं, तलफेचं चक्रही तेच.

सोडताना पहिले काही दिवस मन जास्त उदास होऊ शकतं. ते बहुतेकांत काही आठवड्यांत ओसरतं. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर विडी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावं, कारण धूर बंद झाला की क्लोझापिनसारख्या काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि मात्रा बदलावी लागते. दवाखाना लांब असेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मनाच्या त्रासाबद्दल मोफत बोलता येतं, मोखाड्याच्या पाड्यावरून आणि भिवंडीच्या भट्टीवरूनही.