मूर्तीच्या खांद्यावरची ओळ

शेलू, नेरळ, कर्जत हा पट्टा आपण रेल्वेच्या वेळापत्रकावरून ओळखतो. त्यामुळे इथली वस्ती रेल्वेबरोबर आली, फार तर पेशवाईत थोडी असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती तपासून पाहण्याचे एक साधन याच उल्हास नदीच्या खोऱ्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाणे येथील लेण्यांत आहे.

चैत्यगृहाच्या दर्शनी भागात डाव्या बाजूस एका भव्य मूर्तीच्या मस्तकाचा भाग तेवढा उरला आहे. आकार माणसाच्या दुप्पट. चेहरा नष्ट झाला आहे, पण शिरोभूषणाचे बारीक काम अजून पाहत राहावे असे आहे. डाव्या खांद्याच्या वर ब्राह्मी लिपीत एकच ओळ आहे : ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. कण्हाचा शिष्य बलक याने केले, एवढाच तिचा अर्थ.

लेणे बौद्ध, तेव्हा मूर्तीही बुद्धाचीच, असे पाहणारा सहज म्हणून जातो. पण अक्षरांच्या वळणावरून ही ओळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकाकडे जाते, आणि त्या काळी बुद्धाची मानवी मूर्ती घडवीत नसत. पूजा होई ती स्तूपाची, बोधिवृक्षाची, चक्राची. ही मूर्ती राखणदार यक्षाची म्हणणे अधिक सयुक्तिक.

कण्ह म्हणजे सातवाहन राजा कृष्ण, असे मानण्याचा मोह होतो. नाशिकच्या लेण्यातील लेखात त्या राजाचे नाव आहे खरे; पण तिथे कुळाचा आणि राजेपणाचा स्पष्ट उल्लेख आहे. इथे तसे काहीच नाही. आमच्या मते हा कण्ह कारागिरांचा गुरू असावा. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावरही घडविणाऱ्या सोनाराचे, कण्हदासाचे, नाव कोरलेले सापडले आहे.

आता वस्तीचा प्रश्न. बलकाने गावाचे नाव लिहिले नाही. त्याच्या ओळीवरून शेलूचे वय काढणे ही ओढाताण होईल. पण अशी मूर्ती घडविणारा शिष्य एका दिवसात तयार होत नाही, आणि सुमारे ६६ फूट लांबीचे चैत्यगृह काही दिवसांत कोरून होत नाही. एवढा काळ पाथरवटांना धान्य कोणी पुरविले? पुढे विहारातल्या भिक्षूंच्या पात्रात भिक्षा कोणी घातली? भिक्षू रोज चालत जाऊन परतेल इतक्या अंतरावर पिकते शिवार आणि घरे असलीच पाहिजेत. त्यात कल्याण-सोपाऱ्याचा माल बोरघाटाने वर चढे. घाटमाथ्यावर कार्ले-भाजे, पायथ्याशी कोंडाणे, आणि जांबरूगजवळ आंबिवलीचे लेणे. बैलांचे तांडे जातात तिथे चारा, पाणी, मुक्काम लागतोच.

नेमके गाव कोणते, हे मात्र लेणी सांगणार नाहीत. ते जमिनीतल्या खापरांवरून आणि नाण्यांवरून ठरेल. नांगराला असे काही लागले तर ते बांधावर भिरकावू नये. कोणत्या शेतात, किती खोल मिळाले, एवढे लिहून ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवावे.