लाकडी सांगाड्याचे काचघर आणि कोल्हापूरचा सोपा : एक विवेचन

सारांश :
राहत्या घराला लाकडी सांगाड्याची, काचेच्या तावदानांची प्रकाशमय खोली जोडण्याची कल्पना मुळात युरोपातील थंड हवामानातून आलेली आहे. कोल्हापूरचे अक्षांश, पाऊस, पूर आणि स्थानिक बांधकामपरंपरा लक्षात घेता ही कल्पना जशीच्या तशी येथे उपयोगी ठरत नाही. तिचा मेळ येथील सोप्याच्या रचनेशी कसा घालता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : काचघर, सोपा, लाकडी सांगाडा, तळखडा, सूर्याची उंची, गरुड मंडप.

प्रस्तावना :
कोल्हापूर शहरातील पेठांमध्ये जुने वाडे उतरवून त्या जागी सिमेंट काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा घराचा एक महत्त्वाचा भाग नाहीसा झाला. तो म्हणजे सोपा. रस्ता आणि माजघर यांच्या मधली ही निमखुली जागा बैठकीची होती, धान्य निवडण्याची होती, मुलांच्या अभ्यासाची होती आणि वृद्धांच्या विसाव्याचीही होती. आज पुष्कळ कुटुंबांना अशा जागेची उणीव जाणवते. ती भरून काढण्यासाठी गच्चीवर पत्र्याची शेड घातली जाते किंवा बाल्कनी ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचांनी बंद केली जाते. दोन्ही उपायांत उन्हाळ्याच्या दुपारी ती जागा बसण्यायोग्य राहत नाही. म्हणूनच घराला प्रकाशमय खोली जोडावयाची झाल्यास ती कोणत्या तत्त्वांवर जोडावी, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही.

काचघराची पूर्वपीठिका :
युरोपात सतराव्या शतकात राजवाड्यांच्या आवारात संत्र्यांची झाडे हिवाळ्यात सांभाळण्यासाठी दक्षिणाभिमुख, मोठ्या खिडक्यांची दालने बांधली जात. व्हर्साय येथील असे दालन १६८४ ते १६८६ या काळात बांधले गेले. इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ साली रद्द झाला आणि काच स्वस्त होऊन मध्यमवर्गीय घरांनाही काचघरे जोडली जाऊ लागली. १८५१ साली लंडनमध्ये उभारलेला क्रिस्टल पॅलेस लोखंड आणि काच यांच्यासाठी प्रसिद्ध असला, तरी त्याच्या काचा धरून ठेवणाऱ्या पट्ट्या आणि पाणी वाहून नेणारे पन्हळ लाकडाचे होते, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

कोल्हापुरातही काच आणि लाकूड यांचा संयोग अपरिचित नाही. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या आणि १८८४ साली पूर्ण झालेल्या नव्या राजवाड्याच्या दरबार सभागृहात शिवचरित्रातील प्रसंगांची रंगीत काचचित्रे आहेत. रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसच्या लाकडी दारांत नक्षीदार बेल्जियन काच बसविलेली आहे. मात्र या दोन्ही ठिकाणी काच उभ्या पृष्ठभागात, जाड भिंतींच्या आणि छपराच्या आश्रयाने वापरली आहे. छप्पर काचेचे नाही. हा भेद निर्णायक आहे.

सूर्याची उंची आणि काचेचे छप्पर :
लंडनमध्ये २१ डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून केवळ १५ अंश वर असतो. कोल्हापूरचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर असल्यामुळे त्याच वेळी येथे सूर्य सुमारे ५० अंश वर असतो. मे आणि ऑगस्ट या महिन्यांच्या पहिल्या आठवड्यात तो मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि या दोन काळांच्या दरम्यान किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो. थंड प्रदेशात जे ऊन मिळविण्यासाठी काचेचे छप्पर घालावे लागते, ते ऊन येथे अडविणे हेच छपराचे मुख्य काम ठरते. नागपूरचे संत्रे उघड्या शिवारात पिकते, ते याच कारणाने.

एका साध्या गणिताने हे स्पष्ट होते. उन्हाळ्यातील निरभ्र दुपारी आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर साधारण ९०० वॅट सौरऊर्जा पडते. साधी काच तिचा सुमारे ८० टक्के भाग आत जाऊ देते. म्हणजे १० चौरस मीटरच्या काचेच्या छपरातून सुमारे ७,२०० वॅट उष्णता खोलीत येते. एक किलोवॅटच्या सात शेगड्या एकाच वेळी पेटविल्यासारखी ही स्थिती होय. आत आलेली ऊर्जा फरशी व सामान शोषून घेतात, त्यांच्या स्पर्शाने हवा तापते आणि बंद काचांमुळे ती बाहेर पडू शकत नाही.

याउलट दक्षिणेकडील उभ्या काचेवर छपराची वळचण ०.९ मीटर, म्हणजे साधारण तीन फूट पुढे काढल्यास, २.१ मीटर उंचीच्या तावदानावर मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनी मध्यान्ही पूर्ण सावली राहते. २१ डिसेंबरला मात्र वरच्या १.०७ मीटर भागावरच सावली पडते आणि खालच्या जवळजवळ अर्ध्या भागातून ऊन आत येते. कोणतेही यंत्र न वापरता ऋतूनुसार ऊन आत घेण्याची वा अडविण्याची ही सोय केवळ वळचणीच्या मापाने साधते.

पश्चिम दिशा आणि किरणोत्सव :
पश्चिमेच्या बाबतीत वळचण निरुपयोगी ठरते, कारण मावळतीचे किरण जवळजवळ आडवे येतात. याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे श्री अंबाबाई मंदिरातील किरणोत्सव. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून येऊन, गरुड मंडप ओलांडून थेट गर्भगृहातील मूर्तीपर्यंत पोहोचतात. या दोन्ही काळांत सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस जवळजवळ सारख्याच अंतरावर, सुमारे १७ अंशांवर असतो. म्हणूनच तो क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो. मंदिराच्या रचनेत जे सौंदर्य ठरते, ते घराच्या पश्चिमेकडील काचेच्या खोलीत वैशाखात तापदायक होते. शिवाय नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यासह येणारा पाऊसही याच बाजूने झोडपतो. यास्तव काचघरासाठी पूर्व किंवा दक्षिण बाजू निवडावी. पश्चिमच उपलब्ध असेल, तर तेथे काचेपुढे लाकडी पट्ट्यांची झडप किंवा वेलीचा मांडव अपरिहार्य आहे.

सांगाड्याची रचना :
वाड्याच्या बांधणीचे मर्म असे की, भार लाकडी सांगाडा वाहतो आणि भिंत ही बव्हंशी आडोसा असते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण, आणि घराचे माप खणांतच सांगितले जाई. जोडकामातही हेच तत्त्व पाळणे हितावह आहे. नव्या खोलीचा सांगाडा स्वतःच्या खांबांवर उभा असावा. जुन्या, विशेषतः मातीच्या भिंतीत तुळई घुसवून तिच्यावर भार टाकू नये. दोन बांधकामांचे पाये वेगवेगळ्या प्रमाणात खचतात व सांध्याला चीर पडते. म्हणून तो सांधा मोकळा ठेवून त्यावर जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्याची पट्टी भिंतीच्या खाचेतून खाली वळवून घ्यावी.

लाकूड आडव्या दिशेने फुगते व आक्रसते, लांबीच्या दिशेने मात्र नगण्य बदलते. पावसाळ्यातील दमट हवा आणि मार्च-एप्रिलमधील कोरडी हवा यांत हा फरक ठळक जाणवतो. त्यामुळे काच चौकटीत घट्ट न बसविता चहूबाजूंनी थोडी फट ठेवून लवचीक भरणाने बसवावी, अन्यथा श्रावणात फुगलेली चौकट काच फोडते. खालच्या चौकटीला बाहेरच्या बाजूस उतार आणि तळाशी पाणी तोडणारी खाच असणे आवश्यक आहे.

छपराला मंगलोरी कौले साधारण ३० अंशांच्या उतारावर घालावीत आणि हव्या त्या ठिकाणी मोजकीच काचेची कौले बसवावीत. जुन्या स्वयंपाकघरांत धुराड्याशेजारी असे एखादे कौल असे. त्याचा झोत दिवसभर सरकत राही आणि तेवढा उजेड पुरे पडे. डोक्यावर काच घालावयाचीच असेल, तर ती थरांची, म्हणजे लॅमिनेटेड असावी. टफन्ड काचेचे फुटल्यावर बोथट तुकडे होतात, पण ते खाली कोसळतात. थरांच्या काचेचे तुकडे मधल्या पडद्याला चिकटून राहतात. तावदानांच्या खाली आणि आढ्याजवळ अशा दोन्ही ठिकाणी उघडझापीच्या खिडक्या ठेवल्यास गरम हवा वरून निघून जाते व तिच्या जागी थंड हवा खालून येते.

तळखड्याचा धडा :
लाकूड वरून क्वचितच खराब होते. ते जमिनीलगत कुजते. लाकडातील ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशीला वाव मिळतो, आणि ओल्या बुंध्याकडे वाळवी वळते. अंबाबाई मंदिराच्या दगडी वास्तूपुढे १९व्या शतकात जोडलेला लाकडी गरुड मंडप हे या संदर्भातील बोलके उदाहरण आहे. त्याच्या खांबांचे बुंधे कुजल्याचे आढळल्यामुळे २०२० नंतरच्या दशकात तो उतरवून नव्या लाकडात उभारण्याचे काम हाती घ्यावे लागले.

जुन्या सुतारांनी खांब कधी थेट मातीत रोवला नाही. तो दगडी तळखड्यावर उभा केला. तळखड्याचा माथा फरशीच्या वर राहिला, तरच खांबाचा बुंधा कोरडा राहतो. पुढे फरशीवर फरशी चढत गेली की तळखडा गाडला जातो आणि धुण्याचे पाणी लाकडात मुरते. नव्या कामात तळखडा फरशीपासून किमान अर्धा फूट वर ठेवावा, पायाला वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया करावी (भारतीय मानक ६३१३) आणि लाकडाच्या संरक्षक प्रक्रियेसाठी भारतीय मानक ४०१ पाहावे. सागाचा गाभा टिकाऊ असतो, परंतु त्याभोवतीचे पांढरे लाकूड वाळवी सोडत नाही. ‘साग’ या नावावर विसंबून पांढऱ्या भागासह लाकूड घेणे ही नेहमीची फसगत आहे. उतरविलेल्या वाड्याचे सागवान मिळाल्यास ते अधिक श्रेयस्कर, कारण ते पुरते मुरलेले असते. मात्र ठोकून पाहून पोकळ भाग व जुने खिळे काढून घ्यावेत.

पंचगंगेच्या पुराचाही विचार अटळ आहे. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांपलीकडे गेले. सखल भागातील घरात जोते या खुणांच्या वर नेणे शक्य नसेल, तर किमान खालचा भाग दगडी ठेवावा व तावदाने बिजागऱ्यांवरून काढून घेता येतील अशी बसवावीत. पुरात मातीची भिंत विरघळते, नीट सांधलेला सांगाडा सहसा उभा राहतो.

परवानगी :
महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये असे जोडकाम हा विकास ठरतो आणि त्यासाठी नियोजन प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. घराभोवतीचे सामासिक अंतर काचघराने व्यापले जाणार नाही, हे आराखड्यातच पाहणे आवश्यक आहे. लाकूड व काच ‘तात्पुरती’ आहेत, हा समज कायद्यापुढे टिकत नाही.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, कोल्हापुरात घराला जोडावयाचे काचघर हे काचेच्या छपराचे नव्हे, तर कौलारू छपराचे, खोल वळचणीचे, उघडता येणाऱ्या उभ्या तावदानांचे आणि तळखड्यावर उभ्या असलेल्या लाकडी खांबांचे असले पाहिजे. असे वर्णन केल्यावर जे चित्र उभे राहते, ते परदेशी काचघरापेक्षा आपल्या सोप्याच्या अधिक जवळचे आहे. सोप्याला तावदाने लावली की काम भागते. मात्र ती रचना जाणणारा सुतार आणि ते लाकूड या दोन्ही गोष्टी वाड्यांबरोबरच कमी होत आहेत. एखाद्या घराला नवा सोपा जोडला जातो, तेव्हा त्या कारागिराच्या हाताला काम मिळते आणि उतरविलेल्या वाड्याची तुळई जळाऊ लाकडाच्या वखारीत जाण्यापासून वाचते.