नळी आणि नेम – ६ : खांद्याला सोसेल असं काडतूस

बार उडाल्यावर खांद्याला बसणारा धक्का मोजता येतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. त्याची भीती मोजता येत नाही, आणि नेम चुकवते ती भीतीच. दोन-चार दणके खाल्लेला माणूस चाप दाबण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो. तेवढ्यात नळी हलते. मग काडतूस कितीही जबर असो, जनावर जखमी होऊन रानात शिरतं.

स्वीडनकडे बघा. तिथली मोठी शिकार म्हणजे मूस, आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. दांडगा नर चारशे किलोंच्या पुढे भरतो. त्याच्यासाठी तिथे पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलेलं काडतूस आहे ६.५×५५. गोळीचा व्यास साडेसहा मिलिमीटर, पितळी नळकांड्याची लांबी ५५. मुळात हे सैन्याचं काडतूस, स्वीडन आणि नॉर्वेने १८९० च्या दशकात मिळून ठरवलेलं. १९०५ मध्ये दोन्ही देशांची फारकत झाली. काडतूस दोन्ही घरी नांदत राहिलं.

एवढ्याशा गोळीने मूस पडतो कसा? गोळी बारीक असली तरी लांब आणि वजनदार आहे, १०.१ ग्रॅमची. पोत्यात दाभण शिरतं तशी ती आत शिरत जाते. स्वीडनचा कायदाही हे ओळखतो. मूससाठी ९ ग्रॅमची गोळी असेल तर १०० मीटरवर किमान २७०० ज्यूल ऊर्जा हवी; गोळी १० ग्रॅम किंवा अधिक असेल तर २००० ज्यूल पुरतात. आपली दाभणासारखी गोळी या दुसऱ्या दारातून आत येते. पहिल्या दारात ती अडली असती.

आता खांद्याचा हिशेब. साडेतीन किलोंच्या आसपासच्या रायफलीतून हे काडतूस उडवलं, तर मागे येणारी ऊर्जा ढोबळमानाने १७-१८ ज्यूल. त्याच रायफलीत .३०० विंचेस्टर मॅग्नम असतं, तर ती दुपटीहून जास्त झाली असती. मात्र असं मऊ, कमी धक्क्याचं काडतूस निवडून पावणेतीन किलोंची हलकी रायफल घेतलीत, तर कमावलेलं बरंचसं गमावलंत. डोंगर चढताना ती हलकी लागते, बार काढताना नाही. दुकानात हा दुसरा भाग कुणी आवर्जून सांगत नाही.

मऊ काडतुसाच्या बाजूने बोलणारे हटकून ‘करामोजो’ बेलचं नाव काढतात. त्याने आफ्रिकेत ७×५७ सारख्या लहान काडतुसांनी शेकडो हत्ती मारले, हे खरं. पण हत्तीच्या कवटीचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता आणि तो न फुटणारी, भरीव गोळी वापरायचा. आज आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत अशा धोकादायक जनावरांसाठी .३७५ च्या खालचं काडतूस कायद्यालाच चालत नाही. बेलचा दाखला हरिणवर्गातल्या शिकारीला देऊच नये. तिथे हृदय-फुप्फुसांवरचा नेम पुरतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हा हिशेब परदेशात रीतसर परवाना काढलेल्या वाचकांसाठी. त्यांनी विकत घेण्याआधी मैदानावर २० बार काढून पाहावेत. विसावा बार पहिल्याइतक्याच सहज सुटला, तर तेच काडतूस घ्यावं. पुढच्या आठवड्यात गोळीच्या पोटात काय असतं ते पाहू.