आयझेनश्टाट : सीमारेषेने घडवलेली राजधानी

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथून दक्षिणेकडे सुमारे ५० किलोमीटर अंतरावर आयझेनश्टाट हे टुमदार शहर वसले आहे. लोकसंख्या १५ हजारांच्या आसपास. जुन्या शहराचा फेरफटका तासाभरात पायी पूर्ण होतो. तरीही हे बुर्गनलँड या राज्याच्या राजधानीचे शहर आहे. एवढ्याशा गावाला हा मान कसा मिळाला, हे ठाऊक असले तर येथील प्रत्येक वास्तू अधिक बोलकी होते.

राजधानी हरवलेले राज्य

पहिल्या महायुद्धापर्यंत हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या हंगेरियन भागात मोडत असे. वस्ती मात्र प्रामुख्याने जर्मन भाषकांची होती. सोबतीला क्रोएशियन आणि हंगेरियन भाषक होते. साम्राज्य कोसळल्यानंतर झालेल्या तहांनी हा पट्टा ऑस्ट्रियाला दिला. त्याचे स्वाभाविक केंद्र होते शोप्रोन. हंगेरीच्या बाजूने सशस्त्र विरोध झाला, तेव्हा इटलीच्या मध्यस्थीने शोप्रोन व भोवतालच्या आठ गावांत डिसेंबर १९२१ मध्ये जनमत कौल घेण्यात आला. सुमारे ६५ टक्के मते हंगेरीच्या पारड्यात पडली. ऑस्ट्रियाने मतदानाच्या निष्पक्षतेवर आक्षेप घेतला. निकाल मात्र कायम राहिला. नव्या राज्याचे मुख्य शहरच सीमेपलीकडे गेले. अखेर १९२५ मध्ये राज्य सरकारचे आसन म्हणून आयझेनश्टाटची निवड झाली.

हायडनचे गाव

राजधानी नवी असली तरी शहराचे वैभव जुने आहे. त्याच्या केंद्रस्थानी एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याचा राजवाडा आहे. मध्ययुगीन किल्ल्याला १७ व्या शतकात बरोक शैलीतील प्रासादाचे रूप देण्यात आले. संगीतकार जोसेफ हायडन १७६१ मध्ये याच घराण्याच्या सेवेत रुजू झाला. राजवाड्यातील ज्या दालनात त्याचे वादनवृंद रंगत, ते आज ‘हायडन दालन’ म्हणून ओळखले जाते आणि तेथे आजही मैफली होतात. जगापासून दूर राहिल्यामुळेच आपल्याला स्वतःची वाट शोधावी लागली, असे हायडन उतारवयात सांगत असे. त्याचे राहते घर आता संग्रहालय आहे.

टेकडीवरील बर्गकिर्शे या चर्चमध्ये त्याची समाधी आहे. १८०९ मध्ये व्हिएन्नात दफन झाल्यानंतर कवटीवरून बुद्धिमत्ता ओळखू पाहणाऱ्या हौशी मंडळींनी त्याची कवटी पळवली. १८२० मध्ये पार्थिव येथे आणताना ही चोरी उघडकीस आली. खरी कवटी देहाशेजारी विसावली ती थेट १९५४ मध्ये.

साखळी उरली, माणसे गेली

राजवाड्यालगतच्या उंटरबर्ग भागात जुनी ज्यू वस्ती होती. एस्टरहाझींच्या संरक्षणाखाली ती बहरली. शब्बाथच्या दिवशी वाहने अडवण्यासाठी रस्त्यावर लावली जाणारी साखळी आजही तेथे पाहायला मिळते. १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर काही महिन्यांतच येथील ज्यूंना हुसकावण्यात आले. पिढ्यानपिढ्यांची वस्ती रिकामी झाली. व्हिएन्नाच्या दरबारातील वित्तपुरवठादार सॅमसन वर्थहायमर याच्या घरातील छोटे प्रार्थनास्थळ तेवढे बचावले. तेथे आता ऑस्ट्रियन ज्यू संग्रहालय आहे. त्याच वर्षी बुर्गनलँडही नकाशावरून पुसले गेले आणि त्याचे तुकडे शेजारच्या प्रांतांना जोडण्यात आले. १९४५ मध्ये राज्य पुन्हा अस्तित्वात आले, पण लवकरच त्याच्या पूर्व सीमेवर काटेरी कुंपण उभे राहिले. ऑगस्ट १९८९ मध्ये शोप्रोनजवळ भरलेल्या ‘पॅन-युरोपियन पिकनिक’च्या वेळी शेकडो पूर्व जर्मन नागरिक हीच सीमा ओलांडून ऑस्ट्रियात आले.

म्हणूनच आयझेनश्टाटची सहल शोप्रोनविना अपुरी ठरते. ऑस्ट्रिया आणि हंगेरी हे दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात असल्याने भारतीय पर्यटकांना वेगळा व्हिसा लागत नाही; पासपोर्ट मात्र जवळ बाळगावा. हंगेरियन भाषक आयझेनश्टाटला ‘किशमार्टोन’ म्हणतात, तर क्रोएशियन भाषक ‘झेलेझ्नो’. राज्य एकाचे झाले, तरी या गावाची तिन्ही नावे टिकून आहेत.