क्षेत्रपाहणीच्या वाहनातील दोन बॅटऱ्या

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावी बोलीच्या ध्वनिमुद्रणासाठी वाहनातच मुक्काम करावयाचा, तर एका बॅटरीवर भिस्त ठेवणे इष्ट नव्हे. इंजिन सुरू करणारी बॅटरी पातळ प्लेटांची असते. ती क्षणभर मोठा प्रवाह देते, परंतु वारंवार पुरती उतरल्यास निकामी होते. दिवे व ध्वनिमुद्रक यांकरिता जाड प्लेटांची दुसरी बॅटरी हवी. सरासरी ४ अँपिअर प्रवाह १० तास घेतल्यास ४० अँपिअर-तास खर्च होतात. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये. म्हणून ती किमान ८० अँपिअर-तासांची घ्यावी, आणि इंजिन बंद होताच दोहोंचा संबंध तोडणारा रिले बसवावा. लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारास ५० पुरतात. मात्र तिला प्रवाह मर्यादित राखणारा चार्जर लागतो, अन्यथा अल्टरनेटर अतिशय तापतो. ही विभागणी नसेल, तर रात्रीचे काम सकाळचा प्रवास अडवील.