केशकर्तनासाठी व्यावसायिक कात्रीची निवड : एक विवेचन

प्रस्तावना

केशकर्तन हा महाराष्ट्रातील परंपरेने चालत आलेला व्यवसाय होय. बलुतेदारीच्या व्यवस्थेत नाभिक हा गावगाड्याचा आवश्यक घटक होता आणि त्याच्या धोकटीत वस्तरा, आरसा, चिमटा, नराणी, फणी व कात्री ही साधने असत. या साधनांमध्ये मानाचे स्थान दीर्घकाळ वस्तऱ्याचे होते. संत सेना महाराजांच्या सुप्रसिद्ध अभंगात आरशाला विवेकाचे आणि चिमट्याला वैराग्याचे रूप प्राप्त झाले आहे. कात्री मात्र तेथे येत नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा जो निर्धार केला, त्याचा संबंधही वस्तऱ्याशीच होता. आज स्थिती पालटली आहे. केस काढून टाकण्यापेक्षा केसांना आकार देणे हे या व्यवसायाचे मुख्य काम झाले असून त्या कामाचा भार कात्रीवर आहे. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर २८ जून २०२० पासून महाराष्ट्रात केशकर्तनालये उघडण्यास परवानगी मिळाली, तेव्हा केस कापण्यास मुभा होती, दाढीस नव्हती. त्या काळात अनेक घरांची चूल केवळ कात्रीवर पेटली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

महाविद्यालयीन प्राध्यापकांचा या विषयाशी काय संबंध, असा प्रश्न उपस्थित होणे स्वाभाविक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये बी. व्होक. पदवीची योजना आणली आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने कौशल्याधारित अभ्यासक्रमांवर भर दिला. सौंदर्य व केशरचना हा विषय यामुळे महाविद्यालयाच्या आवारात आला आहे. अशा अभ्यासक्रमाची साधने खरेदी करणाऱ्या समितीवर मराठीचा, वाणिज्यचा किंवा इतिहासाचा प्राध्यापक बसतो. त्याच्यासमोर तीन दरपत्रके येतात, तिन्हींवर 'व्यावसायिक कात्री, स्टेनलेस स्टील' एवढाच उल्लेख असतो आणि सर्वांत कमी दर मान्य होतो. त्या निर्णयाची किंमत विद्यार्थी आपल्या मनगटाने मोजतो. यास्तव प्रस्तुत लेखात कात्री कशी कापते, तिचे पोलाद कसे ओळखावे आणि हाताला साजेशी कात्री कशी निवडावी, याचे विवेचन केले आहे.

कात्रीचे कार्य

पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने कात्री ही पहिल्या प्रकारच्या दोन तरफांची जोडी होय. मधला स्क्रू हा तिचा टेकू. तथापि केवळ तरफेच्या नियमाने कात्रीचे कापणे उलगडत नाही. चांगल्या कात्रीची दोन्ही पाती आतल्या बाजूने किंचित खोलगट आणि लांबीत अगदी थोडी बाकदार असतात. कात्री मिटून उजेडासमोर आडवी धरली असता स्क्रू आणि टोक यांच्या दरम्यान बारीक फट दिसते. नवख्या ग्राहकास हा दोष वाटतो. वस्तुतः तोच गुण आहे. या बाकामुळे कात्री मिटताना पाती एकमेकांना एका वेळी एकाच बिंदूवर स्पर्श करतात आणि तो बिंदू स्क्रूपासून टोकापर्यंत सरकत जातो. सारा दाब त्या एका बिंदूवर एकवटतो, म्हणून केस कापला जातो.

माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते. पाती एकमेकांपासून एवढी जरी दूर गेली तरी केस कापला न जाता दोन पात्यांमध्ये दुमडतो, ओढला जातो आणि ग्राहक मान आखडतो. कापड किंवा कागद कापणारी कात्री केसांना का चालत नाही, याचे उत्तर येथे मिळते. तिची बनावट अखंड पृष्ठ कापण्यासाठी असते. केस मात्र सुटे, गुळगुळीत आणि धारेवरून निसटणारे असतात, आणि ओले झाले की अधिक ताणले जातात.

केस मऊ असूनही पोलादाची धार का बोथट करतो, हा प्रश्न मनोरंजक आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात यासंबंधीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दाढीच्या पात्याचे पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असते. तरीही धारेच्या कडेला सूक्ष्म टवके उडतात. पोलादाची अंतर्गत रचना सर्वत्र सारखी नसणे, केस धारेला तिरकस भिडणे आणि धारेवर आधीच सूक्ष्म तडा असणे या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे हे घडते. प्रयोग दाढीच्या पात्यावरचा असला तरी त्यातील बोध कात्रीलाही लागू पडण्यासारखा आहे. पोलाद नुसते कठीण असून पुरत नाही. त्याची रचना एकजिनसी असावी लागते.

पोलाद आणि वेष्टनावरील शब्द

लोखंडात कर्ब मिसळला की ते कडक होण्यास योग्य बनते आणि सुमारे साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम मिसळले की ते सहसा गंजत नाही. 'स्टेनलेस' या शब्दाने फक्त दुसऱ्या गोष्टीची हमी मिळते, पहिलीची नाही. जेवणाचे ताटही स्टेनलेसच असते. त्याला धार लावून कोणी केस कापत नाही.

बाजारात '४४०' हा आकडा कोरलेल्या कात्र्या पुष्कळ आढळतात. येथे विशेष सावधगिरी हवी. ४४०-ए, ४४०-बी आणि ४४०-सी अशी या पोलादाची तीन रूपे आहेत. तिन्हींमध्ये क्रोमियम १६ ते १८ टक्केच असते, परंतु कर्बाचे प्रमाण पहिल्यात ०.६० ते ०.७५, दुसऱ्यात ०.७५ ते ०.९५ आणि तिसऱ्यात ०.९५ ते १.२० टक्के असते. व्यावसायिक कात्रीसाठी नावाजलेले आहे ते ४४०-सी. त्यामुळे अक्षर गाळून नुसता आकडा छापणाऱ्या विक्रेत्यास अक्षर विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे. व्हीजी-१० हे जपानी पोलाद याहून वरच्या श्रेणीचे मानले जाते; त्यात सुमारे १ टक्का कर्ब, १५ टक्के क्रोमियम आणि दीड टक्क्याच्या आसपास कोबाल्ट असते. 'जपानी पोलाद' या मोघम शब्दांना मात्र काहीच अर्थ नाही. पोलाद जपानी असून कात्री अन्यत्र घडलेली असू शकते, आणि जपानमध्येही हलके पोलाद बनते.

कडकपणा रॉकवेल 'सी' मापनाने सांगतात. ४४०-सी पोलादाला योग्य पाणी दिल्यास तो ५८ ते ६० पर्यंत जातो. आकडा जितका मोठा तितकी धार अधिक टिकते, पण पाते तितके ठिसूळही होते. फरशीवर एकदा पडलेली अतिकडक कात्री टोकाशी टवका उडून निकामी होते. शिकाऊ हातातून कात्री पडतेच. म्हणून विद्यार्थ्यांसाठी सर्वांत महागडी कात्री घेणे हेही शहाणपणाचे नाही.

घडणीची तीन ठिकाणे

उत्तर प्रदेशातील मेरठ हे भारतातील कात्रीचे पारंपरिक केंद्र होय. तेथील कात्रीला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जुन्या मोटारी आणि रेल्वे यांच्या भंगारातील पोलाद तापवून, ठोकून पाती घडवायची, मुठी वेगळ्या ओतायच्या आणि अनेक कारागिरांच्या हातांतून एक कात्री पुरी करायची, अशी ती पद्धत आहे. ही कात्री पुनःपुन्हा धार लावून वापरता येते. आजोबांनी घ्यावी आणि नातवाने वापरावी, अशी तिची ख्याती आहे. शिंपीकामात तिचा दबदबा मोठा. केशकर्तनासाठीही ती घडते आणि सरळ, जाड कापाला उत्तम चालते. परंतु कर्बयुक्त पोलाद ओलाव्याने गंजते, हे ध्यानात ठेवावे लागते.

जर्मनीतील झोलिंगेन शहराचे नाव १९३८ पासून कायद्याने संरक्षित आहे. अन्यत्र घडलेल्या पात्यावर ते कोरता येत नाही. जपानमधील गिफू प्रांतातले सेकी हे मूळचे तलवारी घडवणारे गाव. या दोन परंपरांतून धारेचे दोन प्रकार रूढ झाले. जर्मन पद्धतीची धार तिरकस सपाट घासलेली असते आणि तिच्या एका पात्यावर अनेकदा अतिसूक्ष्म दाते असतात. ते केस धरून ठेवतात, निसटू देत नाहीत. जपानी पद्धतीची धार बाहेरून शिंपल्यासारखी फुगीर असते. ती अधिक तीक्ष्ण असून केसांवरून सरकवत कापण्याच्या नाजूक कामासाठी तिला पर्याय नाही. दातेदार पात्याने सरकवत कापू गेल्यास केस खेचले जातात. उलटपक्षी, फणीवर केस उचलून भराभर कापताना, जे पुरुषांच्या केशकर्तनालयातले रोजचे काम आहे, तीच दातेदार धार सोयीची ठरते. श्रेष्ठ-कनिष्ठ असा हा वाद नसून कामाचा प्रश्न आहे. शिकाऊ विद्यार्थ्यास पहिली कात्री सूक्ष्म दात्यांची द्यावी, हे मत ग्राह्य वाटते.

हात आणि कात्री

केशकर्तनाच्या कात्रीची लांबी बोटाची टेकणी वगळून इंचांत मोजतात. नाजूक कामासाठी ५ ते ६ इंच आणि फणीवरच्या कामासाठी साडेसहा ते ७ इंच, अशी सर्वसाधारण विभागणी आहे. सर्व विद्यार्थ्यांसाठी एकाच मापाच्या कात्र्या मागवणे म्हणजे सर्वांसाठी एकाच मापाच्या चपला मागवण्यासारखे आहे.

मुठीचा प्रश्न याहून गंभीर आहे. कात्रीच्या एका कड्यात अनामिका आणि दुसऱ्यात अंगठ्याचा केवळ शेंडा असतो. अनामिकेकडील पाते स्थिर राहते आणि अंगठा एकटा हलतो. जुन्या बनावटीत दोन्ही मुठी सारख्या लांबीच्या असल्याने अंगठ्याला तळव्याखाली वळावे लागते. अंगठ्याची मूठ आखूड केलेली कात्री हा ताण कमी करते. मुठी खाली झुकवलेल्या कात्रीने कोपरही फारसे उचलावे लागत नाही. केशकर्तन करणाऱ्यांमध्ये मनगट, खांदा व मान यांचे विकार आढळतात, ही बाब वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहे. दिवसभरात हजारो वेळा होणाऱ्या एका लहानशा हालचालीत थोडा जरी अवघडलेपणा असला तरी वर्षानुवर्षांत त्याची बेरीज मोठी होते. तरुणपणी हात दुखू लागला की हा व्यवसाय सुटतो, आणि ज्याच्याकडे दुसरे भांडवल नाही त्याचा हात हेच भांडवल असते. काहींना निकेल धातूच्या स्पर्शाने त्वचेचा दाह होतो. अशांसाठी कड्यांना प्लॅस्टिकचे अस्तर असलेली किंवा लेप दिलेली कात्री घ्यावी.

डावखुऱ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न बहुधा कोणाच्या लक्षातच येत नाही. उजव्या हाताच्या कात्रीत अंगठ्याच्या स्वाभाविक दाबाने पाती एकमेकांवर दाबली जातात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पात्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो. केवळ मुठींचा आकार बदललेली कात्री डावखुरी नव्हे. पात्यांची मांडणीही उलटी असावी लागते.

पारख आणि निगा

खरेदीच्या वेळी दोन साध्या परीक्षा पुरेशा आहेत. अनामिकेचे कडे धरून अंगठ्याची मूठ काटकोनात उचलावी आणि सोडावी. ती थोडी खाली येऊन मध्येच थांबली तर स्क्रूचा ताण योग्य. पूर्ण मिटली तर सैल, जागीच राहिली तर घट्ट. सैल कात्री केस दुमडते, घट्ट कात्री अंगठा थकवते. दुसरी परीक्षा ओल्या पातळ कागदी रुमालाची: पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत तो न अडकता, न फाटता कापला गेला पाहिजे. विरळणी करणाऱ्या दातेरी कात्रीला मात्र ही परीक्षा लागू नाही. तिच्या दात्यांची संख्या पाहावी. तीस-चाळीस बारीक दात्यांची कात्री केस एकसारखे मिसळते, पंधराच्या आसपास रुंद दात्यांची कात्री ठळक घट्टे काढते.

निगेबाबत दोन गोष्टी महत्त्वाच्या. निर्जंतुकीकरणासाठी ब्लीचचे द्रावण सोपे व स्वस्त पडते, पण ते स्टेनलेस पोलादालाही खड्डे पाडते. ७० टक्के अल्कोहोलने पुसून, कोरडी करून स्क्रूपाशी तेलाचा थेंब सोडणे श्रेयस्कर. दुसरी गोष्ट धारेची. महाराष्ट्रात शिकलगार समाजाने हत्यारांना धार लावण्याची कला पिढ्यानुपिढ्या जोपासली आहे आणि सपाट धारेची कात्री कुशल कारागीर आजही उत्तम लावून देतो. फुगीर धारेचे पाते मात्र फिरत्या कोरड्या चाकावर धरले की त्याचा फुगवटा जातो, पोलाद तापून त्याचे पाणी उतरते आणि कात्री कायमची बिघडते. म्हणून फुगीर धारेची कात्री घेण्यापूर्वी ती लावून देणारा जाणकार आपल्या जिल्ह्यात आहे काय, याची चौकशी आधी करावी. तो नसेल तर महागडी कात्री दोन वर्षांत पेटीत पडून राहते.

दरपत्रक मागवताना खरेदी समितीने पोलादाची संपूर्ण श्रेणी, रॉकवेल कडकपणा, धारेचा प्रकार, मुठीची बनावट, इंचांतील लांबी आणि धार लावून देण्याची सोय एवढा तपशील लेखी मागावा. मागणीपत्रात किमान तीन मापे नमूद करावीत आणि डावखुऱ्या विद्यार्थ्यांची संख्या प्रवेशाच्या वेळीच विचारून तेवढ्या कात्र्या स्वतंत्र ओळीत मागवाव्यात.